खापरीवरचा आकडा

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री वडोदऱ्यात शिरली आणि मावशीच्या अंगणात दोन दिवस पाणी उभं राहिलं. पाणी ओसरल्यावर घराघरातून भिजलेल्या गाद्या नि बंद पडलेले फ्रिज रस्त्यावर आले. मावशी मात्र ओट्याच्या कडेला बसून कुंड्या मोजत होती. काही फुटल्या होत्या, काही आडव्या होऊन कुंपणाला जाऊन टेकल्या होत्या. रोपं बरीचशी वाचली. गेल्या त्या पाट्या. प्रत्येक कुंडीत बांबूच्या कामटीला तारेनं बांधलेली पत्र्याची पट्टी असायची आणि तिच्यावर खिळ्यानं कोरलेला क्रमांक. त्यातली एकही जागेवर राहिली नव्हती.

गुलाब-मोगऱ्याच्या पाट्या गेल्या तर फारसं बिघडत नाही. पण सात कुंड्यांमध्ये एकच वनस्पती होती, आणि त्यातली निदान काही रोपं मावशीनं १९८० च्या दशकात उत्तराखंडातल्या कुमाऊंच्या डोंगरातून आणलेल्या गड्ड्यांची होती. ती नेमकी कोणती, आणि त्यांची नोंद आता कशी करायची, हा या प्रकरणातला प्रश्न. मी वडोदऱ्यातच वनस्पतीशास्त्र शिकले, त्यामुळे मावशीनं हाक मारली ती मला. पुढचे दोन महिने दर रविवारी मी तिच्याकडे जात होते.

रोप कोणतं

मावशी त्याला बेलमकांडा म्हणते, नर्सरीवाले लेपर्ड लिली. पंख्यासारखी चपटी, तलवारीच्या पात्यासारखी पानं, पावसाळ्यात कमरेएवढा दांडा, त्यावर केशरी फुलं आणि प्रत्येक पाकळीवर शेंदूर शिंपडावा तसे लाल ठिपके. फूल एकच दिवस टिकतं. संध्याकाळी पाकळ्या ओल्या कपड्याला पीळ द्यावा तशा स्वतःभोवती पिळल्या जातात. फळ उकललं की आत काळ्या चकचकीत बियांचा घोस.

हे रोप आयरिसच्या गोतातलं आहे हे ऐकून पुष्कळांना नवल वाटतं, कारण आयरिस म्हटलं की डोळ्यांपुढे काश्मीरमधली जांभळी फुलं येतात. त्याच्या नावाचा प्रवास आपल्याकडूनच सुरू होतो. सतराव्या शतकात कोचीचा डच गव्हर्नर व्हान ऱ्हीडे यानं मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला, १६७८ ते १६९३ या काळात तो ॲमस्टरडॅमला छापला गेला. बेलमकांडा हे नाव त्यातलं, मल्याळी बोलण्यातून आलेलं. पुढे १७५३ साली स्वीडिश वनस्पतीशास्त्रज्ञ लिनियसनं याच रोपाला दोन वेगवेगळी नावं दिली, आणि त्यातल्या एका नावात तर ते ऑर्किड समजून घातलं. दीर्घकाळ ते बेलमकांडा चायनेन्सिस म्हणून ओळखलं गेलं. २००५ साली गोल्डब्लाट आणि मॅबरली या वनस्पतीशास्त्रज्ञांनी, डीएनएचा पुरावा पाहून, ते आयरिसमध्ये आणलं. आयरिस चायनेन्सिस हे नाव आधीच दुसऱ्या एका रोपाला वापरलं गेलं होतं, म्हणून लिनियसचं दुसरं नाव पुढे आलं: आयरिस डोमेस्टिका. डोमेस्टिका म्हणजे घरचं.

हा शब्द ध्यानात ठेवावा, पुढे तोच आडवा येणार आहे. हिमालयापासून चीन-जपानपर्यंत हे रोप रानात वाढतं. पण कित्येक शतकं ते घरोघर लावलंही गेलं आहे, चिनी वैद्यकात त्याचा कंद औषध म्हणून वापरतात, आणि त्याचं बी सहज रुजतं. डोंगरात ते दिसलं म्हणजे रानचंच असेल असं नाही. एखाद्या परसातून निसटून उतारावर पसरलेलंही असू शकतं.

वडोदऱ्याला ते मानवतं. कुमाऊंच्याच नावाची एक आयरिस आहे, केमाओनेन्सिस, तीन-चार हजार मीटर उंचीवरच्या कुरणांत फुलणारी. ती इथे आणली असती तर पहिल्याच मे महिन्यात गेली असती. बेलमकांडा खालच्या, उबदार उतारांवर राहणारा, म्हणून मावशीच्या अंगणात टिकला.

डायरीचं पान

मावशी शाळेत शिक्षिका होती. सहकारी शिक्षिकांबरोबर ती कुमाऊंला गेली होती. त्या प्रवासाची डायरी कपाटाच्या वरच्या फळीवर होती म्हणून वाचली. मुखपृष्ठावर इंग्रजी वर्ष छापलेलं, पण मावशीनं तारखांची पानं सोडून शेवटच्या कोऱ्या पानांवर तिथीनं लिहिलेलं. ते पान असं:

"भाद्रपद शु. षष्ठी. सकाळी भवाली सोडली. खैरनाच्या पुलाआधी दरड, तासभर खोळंबा. मजूर ढिगारा दरीत लोटत होते. त्यात केशरी फुलं, मुळांसकट. तीन गड्डे घेतले. दोन ओल्या नॅपकिनात, एक डब्यात."

मी वाचलेल्या कितीतरी शास्त्रीय नोंदींपेक्षा या सहा वाक्यांत अधिक माहिती आहे. वर्ष आणि तिथी असल्यामुळे जुन्या पंचांगावरून इंग्रजी तारीख निघाली. भवाली ते खैरना हा कोसी नदीकडे उतरणारा रस्ता, त्यामुळे जागा काही किलोमीटरच्या आत येते. उंची हजार मीटरच्या आसपास. फुलण्याचा काळ कळतो. गड्डे उभ्या रोपांतून उपटलेले नाहीत, दरीत लोटल्या जाणाऱ्या ढिगाऱ्यातून उचललेले आहेत, हेही कळतं. शेवटची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आरक्षित वनातून परवानगीशिवाय काही काढणं १९२७ च्या वन कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी, हौशी माणसांनी खुरपं घेऊन डोंगर उकरणं हे अनेक कंदवर्गीय वनस्पतींच्या ऱ्हासाचं एक खरं कारण आहे. मावशीच्या गड्ड्यांना तो डाग नाही.

एक गोष्ट डायरीत नाही: ढिगाऱ्याच्या वर, जिथून दरड सुटली, तिथे काय होतं? चिडाचं, म्हणजे पाइनचं रान, की पायऱ्यांची शेतं आणि घरं?

खापऱ्या

पाट्या गेल्या तरी मावशी हबकली नव्हती, कारण तिची एक सवय होती. कुंडीच्या तळाच्या भोकावर आपण फुटक्या कुंडीचा तुकडा ठेवतो, माती वाहून जाऊ नये म्हणून. मावशी त्या खापरीच्या आतल्या अंगावर खिळ्यानं क्रमांक कोरून ठेवी. "वरची पाटी आल्यागेल्यासाठी, खालची खापरी माझ्यासाठी," असं ती म्हणायची.

कंद दोन दिवस पाण्याखाली राहिले होते, त्यामुळे ते उघडून पाहणं नाहीतरी भागच होतं. कुजलेल्या कंदाला एक आंबूस वास येतो, बोटानं दाबलं की साल आत जाते. सातही कुंड्या वर्तमानपत्रावर उपड्या केल्या. माती हळूहळू मोकळी करायची, कंद धुवायचे, मऊ पडलेला भाग सुरीनं कापायचा, सावलीत दिवसभर सुकवायचे आणि रेती मिसळलेल्या कोरड्या मातीत पुन्हा लावायचे. निरोगी कंद कापला की आतून हळकुंडासारखा पिवळा निघतो.

मी मातीतून खापरी काढायची, मावशीनं ती पदरानं पुसून उजेडात धरायची, असं चाललं. तीन खापऱ्यांवर अक्षर निघालं. एकीवर "पु", म्हणजे पुण्याच्या आत्याच्या बागेतून आलेलं रोप. एकीवर "कु १", एकीवर "कु ३". आणखी तीन कुंड्यांत कोऱ्या खापऱ्या होत्या आणि सातवीत विटेचा तुकडा.

पहिल्या क्षणी आम्हा दोघींना वाटलं की निम्मं काम झालं. पण "कु १" ची कुंडी नीट पाहिली तेव्हा तिच्यात जुना कंद नव्हताच, तीन लहान रोपं दाटीनं उभी होती. बियांपासून उगवलेली. बेलमकांडा फार दीर्घायुषी नाही, काही वर्षांत जुना कंद संपतो आणि आजूबाजूला पडलेलं बी त्याची जागा घेतं. अंगणात "पु" ची रोपंही फुलत होती, मधमाश्या कुंडीवरचे क्रमांक वाचत नाहीत. म्हणजे खापरी कुमाऊंची, पण तिच्यावर वाढणारं रोप कुणाचं मूल आहे ते सांगता येत नाही.

"कु ३" वेगळी होती. तिच्यात आडव्या कंदाची लांब साखळी होती, प्रत्येक पेरावर जुन्या दांड्याचा वाळलेला वण. मावशीच्या वहीत या कुंडीची विभागणी दर दोन-तीन वर्षांनी केल्याची नोंद आहे. कंद तोडून लावला तर ते रोप मूळचंच राहतं, बियांतून आलं तर नवी पिढी. सात कुंड्यांपैकी एकच कुंडी मूळ गड्ड्यांपैकी एकाचा सलग धागा असण्याची शक्यता होती. शक्यता म्हणते, कारण वहीत मधल्या चार वर्षांच्या नोंदी नाहीत. त्या काळात काका आजारी होते.

नाव द्यावं का

आम्ही कोरड्या मातीसाठी ज्या नर्सरीत गेलो तिथल्या मालकांनी फोटो पाहिला. "कु ३" च्या फुलांवरचे ठिपके नेहमीपेक्षा कमी आणि पाकळीच्या तळाशी गोळा झालेले आहेत. ते म्हणाले, "बेन, नाम आपी दो, वेचाई जशे." म्हणजे ताई, नाव देऊन टाका, विकलं जाईल. सल्ला आपुलकीचा होता आणि मार्गही खरा आहे, म्हणून तो मी नीट तपासला.

बागेतल्या वाणांची नावं जगभर एकाच ठिकाणी नोंदली जावीत म्हणून पुष्कळ वनस्पतीगटांसाठी एकेक आंतरराष्ट्रीय नोंदणी संस्था असते. बोगनवेलीची नोंदणी आपल्या दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेकडे आहे. आयरिसची, कांद्यासारख्या कंदाचे प्रकार वगळून, १९२० साली स्थापन झालेल्या अमेरिकन आयरिस सोसायटीकडे. अर्जात उंची, फुलण्याचा काळ, रंगाचं बारकाईनं वर्णन आणि पालक रोपं लिहायची असतात. रानातून आणलेल्या रोपाला पालक माहीत नसतात, तेव्हा तिथे गोळा केल्याची जागा येते. १९५९ पासून नव्या वाणाला लॅटिन नाव चालत नाही, चालू भाषेतलं हवं. मराठी नाव रोमन अक्षरांत देता येतं.

या नोंदणीतून मालकी हक्क मिळत नाही. तो हवा असेल तर २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याचा रस्ता वेगळा. आयरिसची नोंदणी म्हणजे फक्त नाव, वर्णन आणि उगम एकत्र बांधून ठेवणं. पण संवर्धनाला तेवढंही फार उपयोगी पडतं, याचं उदाहरण अमेरिकेतल्या लुइझियानात आहे. १९२० च्या दशकात न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनचे जॉन स्मॉल यांना न्यू ऑर्लिन्सभोवतीच्या दलदलीत आयरिसची इतकी रूपं आढळली की त्यांनी डझनावारी नव्या जाती जाहीर केल्या. पुढे कळलं की त्यातली बहुतेक रूपं मोजक्या मूळ जातींच्या आपोआप झालेल्या संकरातून आलेली आहेत. शहर वाढलं, दलदली भरल्या गेल्या. हौशी लोकांनी तिथून वाचवून आणलेली आणि नावानिशी नोंदवलेली रोपं बागांमधून राहिली. त्याच राज्यातल्या ॲबेव्हिल गावाजवळचे तांबडे आयरिस आधी संग्राहकांच्या हाती आले आणि १९६६ साली वनस्पतीशास्त्रज्ञ रँडॉल्फ यांनी त्यांना आयरिस नेल्सोनिआय ही स्वतंत्र जात ठरवलं. हे रोप कुठल्या दलदलीतलं, हे कुणीतरी लिहून ठेवलं होतं, म्हणून हे जमलं.

म्हणजे मोह खोटा नव्हता. "कु ३" ला नाव द्यायचं, उगमाच्या रकान्यात "कुमाऊं, खैरनाजवळ, रानातून" असं लिहायचं. मावशीला कल्पना आवडली. मला त्या शेवटच्या शब्दाची भीती वाटत होती.

चार अक्षरं

नाव हा नोंदीचा वरचा मजला आहे. तळमजला म्हणजे उगम. जगभरच्या पुष्कळ वनस्पती उद्यानांत रोपाच्या नोंदीत उगमाचं एक अक्षर असतं. डब्ल्यू म्हणजे थेट रानातून आणलेलं. झेड म्हणजे रानातून आणलेल्या रोपापासून बागेत वाढवलेलं. जी म्हणजे बागेतलंच. यू म्हणजे अनिश्चित. उद्या कुणाला एखाद्या उतारावर नाहीशी झालेली जात पुन्हा लावायची असेल तर तो माणूस पहिल्यांदा हे अक्षर पाहतो. जी आणि यू तो बाजूला सारतो, डब्ल्यू आणि झेड हातात घेतो.

"पु" ला जी मिळालं, त्यात वाद नव्हता. कोऱ्या खापऱ्यांच्या तीन कुंड्या, विटेची एक आणि "कु १", या पाचांना यू. अडलं ते "कु ३" वर.

मावशीचं म्हणणं, झेड. "डोंगरावरून पडलेलं होतं ते. कुणी लावलेलं नव्हतं. मी डोळ्यांनी पाहिलंय." मी विचारलं, वर घरं होती का? ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली की मुळांत चिडाच्या सुया अडकल्या होत्या, त्या तिनं धर्मशाळेत बसून एकेक काढल्या होत्या. ही आठवण मोलाची होती, मी ती तारखेसह लिहून घेतली. पण चिडाच्या सुया वाऱ्यानं शेतातही येतात. घरं होती की नव्हती, ते तिला आठवलं नाही.

मी यू म्हटलं आणि तिला ते लागलं. "मग मी इतकी वर्षं पाणी घातलं ते अनिश्चिताला?"

मला त्या दिवशी उत्तर देता आलं नाही. पुढच्या रविवारी मी तिला माझं म्हणणं असं सांगितलं. चुकून यू लिहिलं तर नुकसान एवढंच की एक चांगलं रोप काही काळ बाजूला पडेल. पण यू शेजारी तिथी, रस्ता, पूल, दरड, चिडाच्या सुया हे सगळं लिहिलेलं असेल, तर कुणीही खैरनाला जाऊन पाहू शकेल. त्या उतारावर, घरांपासून दूर, तसेच कमी ठिपक्यांचे बेलमकांडे फुललेले दिसले, तर यू खोडून झेड करता येईल. उलट, आज झेड लिहिलं आणि ते चुकीचं निघालं, तर ते तपासायला कुणी जाणारच नाही. झेड म्हणजे खात्री, खात्रीला कोण प्रश्न विचारतो? आणि मग कुणाच्या तरी परसातल्या रोपाची संतती रानाच्या नावाखाली रानात लावली जाईल, तिथल्या खऱ्या रोपांत मिसळेल, आणि ते नंतर वेगळं काढता येणार नाही.

मावशीनं एकच विचारलं. "माझं लिहिलेलं सगळं राहील ना त्यात?"

राहील, म्हटलं. शब्दन् शब्द.

मग काय केलं

नाव नोंदवण्याचा अर्ज आम्ही केला नाही. ते रोप वाण म्हणून वेगळं आहे की नाही हे एका पुरानंतरच्या हंगामावरून ठरवणं मला पटलं नाही. निदान तीन पावसाळे फुलं पाहायची, ठिपके तसेच राहतात का ते फोटोंतून ताडायचं, मग विचार करायचा. परदेशी संस्थेला संशोधनासाठी किंवा व्यापारासाठी कंद वा बी द्यायचं झालं तर २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते. नुसतं नाव नोंदवायला रोप पाठवावं लागत नाही, पण नाव झालं की मागणी येते. म्हणून हेही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

"कु ३" च्या कंदाचे तीन भाग केले. एक मावशीकडे, एक माझ्या गच्चीत, एक सुरतेच्या मामेबहिणीकडे. एकाच अंगणात ठेवलेला संग्रह एका पुरात जातो, हे आता आम्हाला शिकवावं लागत नाही.

सप्टेंबरात एका दांड्यावर उशिराची दोन फुलं आली, त्यातलं एक दाबून ठेवलं. आयरिसची पाकळी ओली आणि पातळ, साध्या वर्तमानपत्रात ती कागदाला चिकटून फाटते. बटर पेपरच्या दोन तुकड्यांत पाकळ्या उलगडून ठेवल्या, वरून वर्तमानपत्र, वरून पाटा. सकाळी उमललेलं फूल दहाच्या आत दाबायचं, दुपारनंतर पीळ पडायला लागतो. पान आणि कंदाचा एक काप सोबत. सुकल्यावर २९ बाय ४२ सेंटिमीटरच्या जाड कागदावर शिवलं, खाली उजव्या कोपऱ्यात डायरीतलं पान जसंच्या तसं उतरवलं. सयाजीराव विद्यापीठात वनस्पतीशास्त्र विभागाचं हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह आहे, अशा संग्रहांच्या जागतिक यादीत त्याची सांकेतिक खूण "बारो". हा कागद तिथे द्यायचा आहे.

बियांच्या बाबतीत मी कडक राहिले. "कु ३" च्या फळांवर मलमलीच्या पिशव्या बांधल्या होत्या, पण फुलं आधीच उघड्यावर फळलेली, त्यामुळे ते बी "कु ३" चं शुद्ध बी नव्हे. पाकिटावर तसंच लिहिलं. ते बी शेजारणींमध्ये वाटून टाकलं, पण पाकिटावर कुमाऊं लिहिलं नाही.

पुढच्या भाद्रपदात भवालीहून खैरनापर्यंत जाऊन उतार पाहायचा असं ठरलं आहे. मावशी येणार म्हणते. तिच्या गुडघ्यांचा विचार करता गाडी पुलापर्यंत नेता येते ही जमेची बाजू. खुरपं न्यायचं नाही, कॅमेरा न्यायचा.

नव्या कुंड्यांत कंद लावताना मी पत्र्याच्या पट्ट्या कोरल्या, मावशीनं खापऱ्या. फुटक्या कुंडीचा एक बरासा तुकडा तिनं निवडला, मांडीवर ठेवला, खिळा घेतला. आधी "कु ३". मग थोडं थांबून "यू". मग खापरी फिरवून दुसऱ्या अंगावर, अक्षरं लहान करत करत, "खैरना, दरड, भाद्रपद शु. षष्ठी". जागा संपली तेव्हा "षष्ठी" चा शेवटचा भाग कडेवरून खाली आला. तिनं फुंकर मारून धूळ उडवली आणि खापरी भोकावर स्वतःच्या हातानं बसवली.